व्यूह, कोन आणि क्षण : बाँबफेकी विमानांवरील हल्ल्याचे डावपेच आणि त्यांचे संगणकीय रूपांतर

१. प्रश्नाचे स्वरूप

रूपांतराचा विचार करताना तौलनिक साहित्याभ्यासाने कादंबरीवरून नाटक, नाटकावरून चित्रपट, एका भाषेतील काव्यावरून दुसऱ्या भाषेतील काव्य अशा प्रवासांकडे प्रामुख्याने लक्ष दिले आहे. या प्रवासांत कथानक, पात्रे आणि भाषा यांचे काय होते, याची चर्चा विपुल प्रमाणात उपलब्ध आहे. परंतु विशिष्ट परिस्थितीत माणसांनी प्राण पणाला लावून मिळवलेल्या कौशल्याचे रूपांतर होते, तेव्हा त्यातील काय टिकते आणि काय गळून पडते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांनी बाँबफेकी विमानांवर हल्ला करण्यासाठी वापरलेले डावपेच हे अशा रूपांतराचे बोलके उदाहरण होय.

हे डावपेच प्रथम वैमानिकांच्या अहवालांत नोंदले गेले. तेथून ते प्रशिक्षणपुस्तिकांत आणि युद्धानंतर आठवणींच्या पुस्तकांत आले. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून ते संगणकाच्या जाळ्यावर अनेकांनी एकत्र खेळावयाच्या हवाई युद्धाच्या सिम्युलेटरांत उतरले. अशा सिम्युलेटरात विमानाचे वजन, इंजिनाची शक्ती, हवेचा रोध आणि गोळीचा मार्ग ही सर्व गणिते संगणक करतो. विमान मात्र कोठेतरी दूर बसलेला एखादा माणूस चालवीत असतो. समोरचा शत्रूही बहुधा माणूसच असतो. म्हणूनच येथे डावपेच पाठ करून भागत नाही, ते प्रत्येक वेळी नव्याने सिद्ध करावे लागतात.

या रूपांतरात डावपेचांची भूमिती आश्चर्यकारक निष्ठेने टिकली आहे. बदलली आहे ती त्यांची किंमत. आणि किंमत बदलली की कालांतराने डावपेचही बदलू लागतात. या प्रक्रियेचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. नियम आणि त्याचा अपवाद

हवाई युद्धाच्या डावपेचांची पहिली सूत्रबद्ध मांडणी जर्मन वैमानिक ओस्वाल्ड बोल्क याने १९१६ मध्ये केली. हल्ल्यापूर्वी अनुकूल स्थिती मिळवावी, शक्य तर सूर्य पाठीशी ठेवावा, जवळून गोळीबार करावा आणि शत्रूवर मागून चालून जावे, अशी ही सूत्रे आहेत. एकट्या वैमानिकाच्या विमानाविरुद्ध ती आजही पटतात, कारण अशा विमानाच्या सर्व बंदुका पुढे रोखलेल्या असतात आणि त्याची पाठ उघडी असते.

अनेक इंजिनांच्या बाँबफेकी विमानापाशी आल्यावर मात्र हाच नियम सापळा ठरतो. अमेरिकेच्या बी-१७ या विमानात दहा माणसे असत आणि त्याच्या १९४३ मधील ‘जी’ या आवृत्तीत १२.७ मिलिमीटरच्या तेरापर्यंत मशीनगन असत. शेपटीत, पाठीवर, पोटाखाली, दोन्ही कुशींत आणि नाकाशी अशी त्यांची वाटणी होती. यांपैकी काही बंदुका टरेटमध्ये, म्हणजे चौफेर फिरणाऱ्या बुरुजात, बसवलेल्या असत. अशा विमानाला ‘पाठ’ अशी नसतेच.

येथे दिशा सांगण्याची वैमानिकांची पद्धत समजून घेणे सोयीचे ठरेल. विमान हे घड्याळाच्या तबकडीच्या मध्यभागी आहे असे मानले, तर नाकाची दिशा बारा आणि शेपटीची दिशा सहा होते. नवशिक्या खेळाडूची पहिली चूक म्हणजे बाँबफेक्याच्या ‘सहा’वर येऊन, त्याच्याच वेगाशी वेग जुळवून, निवांतपणे नेम धरणे. नेम सोपा होतो हे खरे. पण तो दोघांनाही सोपा होतो. शेपटीतील गनरच्या दृष्टीने लढाऊ विमान जवळजवळ स्थिर असते आणि ते त्याच्या गोळीकडे स्वतः चालून येत असते. उलट लढाऊ विमानाच्या गोळीला पुढे पळणाऱ्या लक्ष्याचा पाठलाग करावा लागतो. त्यामुळे एकाच अंतरावर असूनही गनरचा पल्ला प्रत्यक्षात अधिक परिणामकारक ठरतो.

३. कोनांची भूमिती

मागून हल्ला करू नये, तर कोठून करावा? या प्रश्नाचे उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून असते. बाँबफेक्याच्या किती बंदुका आपल्यावर रोखता येतील, ही पहिली गोष्ट. आणि आपण किती काळ त्यांच्या टप्प्यात राहू, ही दुसरी.

बाँबफेक्याचा वेग ताशी ३०० किलोमीटर आणि लढाऊ विमानाचा ६०० किलोमीटर धरला, तर मागून येताना दोघांमधील अंतर सेकंदाला सुमारे ८३ मीटरने कमी होते. ८०० मीटरपासून २०० मीटरपर्यंत येण्यास सात सेकंदांहून थोडा अधिक काळ लागतो. समोरून येताना दोन्ही वेगांची बेरीज होते आणि अंतर सेकंदाला २५० मीटरने मिटते. तोच टप्पा अडीच सेकंदांच्या आत संपतो आणि उरलेल्या २०० मीटरांत टक्कर चुकवण्यासाठी सेकंदाचाही अवधी मिळत नाही. समोरच्या हल्ल्यात गनरला वेळ मिळत नाही हे खरे, पण हल्लेखोरालाही तो मिळत नाही.

तिसरा मार्ग उंचावरून, कुशीच्या बाजूने झेप घेण्याचा. त्यात लढाऊ विमान बाँबफेक्याच्या पुढे आणि वर जाऊन वळते, वक्र मार्गाने खाली येते, क्षणभर गोळीबार करते आणि मिळालेल्या वेगाच्या बळावर दूर निघून जाते. या मार्गात गनरला दिसणारा कोन सतत बदलत राहतो, त्यामुळे त्याचा नेम बसणे अवघड होते. परंतु हल्लेखोरालाही लक्ष्याच्या कितीतरी पुढे, रिकाम्या आकाशात, नेम धरावा लागतो. गोळी पोहोचेल तेव्हा लक्ष्य कोठे असेल, याचा अंदाज हाच या हल्ल्याचा गाभा आहे. अनुभवी खेळाडू बहुधा हाच मार्ग निवडतात. तो निवडण्यासाठी आधी बाँबफेक्याहून बरीच अधिक उंची मिळवावी लागते आणि एक झेप वाया गेली की पुन्हा पुढे जाऊन उंची घेण्याची तयारी ठेवावी लागते.

यांपैकी प्रत्येक मार्गाचे मर्म आत शिरण्याइतकेच बाहेर पडण्यातही आहे. चक्रव्यूहात शिरण्याची विद्या असून बाहेर पडण्याची नसलेल्या अभिमन्यूची कथा भारतीय वाचकाला येथे आठवल्यावाचून राहणार नाही. हल्ल्यानंतर वर उसळी घेणारे विमान वेग गमावते आणि काही क्षण अनेक बंदुकांसमोर टांगल्यासारखे राहते. खाली बुडी मारणारे विमान टिकते, पण उंची गमावते.

४. इतिहासातील प्रश्नोत्तरे

हे कोन कोणी आगाऊ आखलेले नव्हते. ते दोन पक्षांत चाललेल्या प्रदीर्घ प्रश्नोत्तरांतून निष्पन्न झाले. युद्धाच्या आरंभी ब्रिटिश वायुदलाच्या पुस्तिकेत बाँबफेक्यांवरील हल्ल्यांचे क्रमांक दिलेले ठरावीक प्रकार होते. सोबत संरक्षक लढाऊ विमाने नसतील, हे त्यांचे गृहीतक १९४० मध्ये कोलमडले. त्यानंतरची उत्तरे पुस्तिकेतून कमी आणि अनुभवातून अधिक आली.

१९४२ मध्ये अमेरिकी बी-१७ विमाने फ्रान्सवर दिवसाढवळ्या येऊ लागली, तेव्हा जर्मन वैमानिकांना मागून हल्ला महाग पडू लागला. मागून मारा करून असे विमान पाडण्यास २० मिलिमीटर तोफेचे सरासरी वीस गोळे नेमके लागावे लागतात, असा जर्मन अंदाज होता. समोरून मात्र चार-पाच पुरत, कारण तेथे वैमानिक आणि इंजिने थेट माऱ्यात येत. एगॉन मायर या अधिकाऱ्याने समोरच्या हल्ल्याची पद्धत विकसित केली आणि २३ नोव्हेंबर १९४२ रोजी सें-नाझेरवर आलेल्या विमानांविरुद्ध ती परिणामकारकपणे वापरली. बी-१७ च्या ‘जी’ आवृत्तीतील हनुवटीखालचे दोन बंदुकांचे टरेट हे या हल्ल्याला दिलेले अमेरिकी उत्तर होते. विमानाच्या हनुवटीवरचा हा फुगवटा म्हणजे शत्रूच्या डावपेचाची धातूत उमटलेली नोंद आहे, असे म्हणता येईल.

बाँबफेक्यांचे दुसरे उत्तर व्यूहरचना हे होते. विमानांचे गट वेगवेगळ्या उंचींवर असे रचले जात की एकाच्या आंधळ्या कोनावर दुसऱ्याच्या बंदुका राखण करीत. तरीही १४ ऑक्टोबर १९४३ रोजी श्वाइनफुर्टवर पाठवलेल्या २९१ बी-१७ विमानांपैकी ६० परतली नाहीत. व्यूह स्वतःचे रक्षण करू शकेल, हा विश्वास त्या दिवशी ढळला. लांब पल्ल्याच्या संरक्षक लढाऊ विमानांनी पुढे हे समीकरण बदलले.

रात्रीच्या युद्धात प्रश्नोत्तरे निराळी होती. ब्रिटनच्या लँकेस्टर विमानांपैकी बहुतेकांच्या पोटाखाली बंदूक नव्हती. १९४३ च्या उत्तरार्धापासून जर्मन रात्रविमाने तिरकस वर रोखलेल्या तोफा घेऊन खालून येऊ लागली. अंधारात, कोणालाही न दिसता, ती लँकेस्टरच्या पोटाखाली स्थिर होत आणि पंखांतील इंधनाच्या टाक्यांवर नेम धरीत. हल्ला कोठून झाला हे सांगण्यास बहुधा कोणी उरत नसे, म्हणून ब्रिटिश बाजूला या पद्धतीचा उलगडा होण्यास बराच काळ लागला. येथे डावपेचाचे यश आणि साक्षीदाराचा अभाव या एकाच गोष्टीच्या दोन बाजू होत्या.

५. सिम्युलेटरातील रूपांतर

‘एअर वॉरियर’ या केस्माय कंपनीच्या खेळाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस अनेक खेळाडूंना एकाच आकाशात आणले. १९९५ मध्ये ‘वॉरबर्ड्स’, २००० मध्ये ‘एसेस हाय’, २००१ मध्ये मॉस्कोतून ‘आयएल-२ स्टुर्मोविक’ आणि २०१२ मध्ये ‘वॉर थंडर’ अशी ही परंपरा पुढे विस्तारत गेली. या सर्वांत बंदुकांची जागा, त्यांचे फिरण्याचे कोन आणि आंधळे टापू मूळ विमानांच्या आधारे मांडण्याचा प्रयत्न दिसतो. म्हणूनच मागून जाऊ नये, उंची राखावी, समोरून किंवा वरून झेप घ्यावी, हा युद्धकालीन धडा नव्या खेळाडूला आजही जसाच्या तसा उपयोगी पडतो. भूमितीचे रूपांतर निष्ठेने झाले आहे.

व्यूह मात्र विरघळला आहे. दहा माणसांचे विमान चालवण्यास दहा खेळाडू क्वचितच जमतात. ‘एसेस हाय’ने यावर तोडगा म्हणून एका खेळाडूला तीन विमानांचा छोटा गट दिला आणि त्याने एका बंदुकीतून नेम धरला की त्या दिशेला वळू शकणाऱ्या इतर बंदुकाही त्याच लक्ष्यावर चालतील अशी व्यवस्था केली. अन्य काही खेळांत गनरचे काम संगणकच करतो. युद्धात गनर थंडीने बधिर झालेला, भेदरलेला, चुकणारा माणूस होता. सिम्युलेटरात तो एक तर एकाच इच्छेने चालणारा यंत्रसमूह होतो किंवा न थकणारे गणित होतो. त्यामुळे सिम्युलेटरातील एकटे बाँबफेके विमान इतिहासातील एकट्या विमानापेक्षा अधिक धोकादायक असू शकते आणि त्याच वेळी शेकडो विमानांच्या व्यूहाची परस्परराखण त्याला लाभत नाही.

याहून मूलगामी बदल किमतीत आहे. सिम्युलेटरात पाडला गेलेला वैमानिक थोड्याच वेळात पुन्हा धावपट्टीवर उभा असतो. तो मृत्यूने किंमत मोजत नाही, वेळाने मोजतो. बाँबने लादलेले बी-१७ वीस हजार फुटांवर नेण्यास अर्ध्या तासाहून अधिक काळ लागतो. तेवढा वेळ चढून गेल्यावर एका झेपेत विमान गमावणे हेच तेथील दुःख असते. परिणामी खेळाडूचा मुख्य सद्गुण धैर्य हा न राहता धीर हा होतो. जो वीस मिनिटे उंची घेत राहू शकतो, तो जिंकतो. ज्याला तेवढा वेळ दवडायचा नसतो, तो समोरून थेट घुसतो आणि टक्कर झाली तरी त्याची फारशी क्षिती बाळगत नाही. प्रत्यक्ष युद्धात टक्कर मारण्याच्या हेतूने खास आखलेली मोठी जर्मन मोहीम ७ एप्रिल १९४५ रोजी, पराभवाच्या उंबरठ्यावर, निघाली होती. सिम्युलेटरात तीच गोष्ट आळसातून घडू शकते. किंमत बदलली की डावपेच बदलतात, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

६. दोन पडदे, दोन संहिता

कथनमीमांसेच्या अभ्यासकाला विशेष रस वाटावा अशी एक तांत्रिक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. दोन खेळाडूंचे संगणक एकमेकांपासून हजारो मैल दूर असू शकतात आणि एकाची हालचाल दुसऱ्यापर्यंत पोहोचण्यास काही काळ जातो. हा विलंब सेकंदाचा पाचवा भाग धरला, तरी समोरासमोरच्या हल्ल्यात तेवढ्या वेळात अंतर ५० मीटरने बदललेले असते. त्यामुळे एका पडद्यावर टक्कर होते आणि दुसऱ्या पडद्यावर तीच दोन विमाने एकमेकांना सहज चुकवून जातात. ‘एसेस हाय’मध्ये ज्याच्या पडद्यावर टक्कर दिसते, त्याच्या विमानाची हानी होते, दुसरा सुखरूप जाऊ शकतो. एकाच घटनेच्या दोन संहिता असतात आणि दोन्ही आपापल्या जागी खऱ्या असतात.

युद्धातही घटनेच्या दोन संहिता होत्या, पण त्यांचे कारण निराळे होते. श्वाइनफुर्टच्या त्या दिवशी अमेरिकी गनरांनी १८६ जर्मन विमाने पाडल्याचा दावा केला. प्रत्यक्ष जर्मन हानी त्याच्या लहानशा भागाएवढीच होती. यात लबाडीपेक्षा गोंधळाचा भाग मोठा होता. एकाच जळत्या विमानावर अनेकांनी गोळ्या झाडलेल्या असत आणि प्रत्येकाला ते आपले वाटे. सिम्युलेटरात अशा गोंधळाला जागा नाही. कोणाच्या किती गोळ्या लागल्या हे यंत्र अचूक सांगते. युद्धाच्या कथनातील अविश्वसनीय निवेदक रूपांतरात असा बाद झाला आहे. आणि त्याच्याबरोबर, तो का चुकला हे समजून घेण्याची गरजही बाद झाली आहे.

७. साहित्याची बाजू

या डावपेचांची साहित्यातील रूपे सिम्युलेटरशेजारी ठेवली म्हणजे हा फरक अधिक उठून दिसतो. जर्मन वैमानिक हाइन्झ क्नोके याने मार्च १९४३ मध्ये अमेरिकी व्यूहावर वरून बाँब टाकण्याचा प्रयोग केला. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या रोजनिशीवजा पुस्तकात अशा युक्त्यांचे वर्णन आणि एकामागून एक सहकारी नाहीसे होत गेल्याची नोंद एकाच ओघात येते. डावपेच आणि त्याची किंमत तेथे वेगळी करता येत नाहीत.

रँडल जॅरेल या अमेरिकी कवीची १९४५ मधील पाच ओळींची प्रसिद्ध कविता विमानाच्या पोटाखालच्या गोल टरेटमधील गनरविषयी आहे. तीत मेलेला गनर स्वतः बोलतो. सिम्युलेटरातही मेलेला बोलतो. पाडला गेलेला खेळाडू पाडणाऱ्याला ‘छान नेम’ असे लिहून कळवतो आणि पुन्हा उड्डाण करतो. जॅरेलचा मृत बोलतो, कारण त्याच्यासाठी बोलणारे दुसरे कोणी नाही. सिम्युलेटरातील मृत बोलतो, कारण कोणी मेलेलेच नाही.

जोसेफ हेलर स्वतः बी-२५ विमानात बाँब टाकणारा होता; त्याने साठ मोहिमा केल्या होत्या. १९६१ मधील त्याच्या ‘कॅच-२२’ या कादंबरीत मोहिमांची आवश्यक संख्या सतत वाढवली जाते आणि तीच पात्रांची कोंडी ठरते. सिम्युलेटरातही मोहिमांची गणना होते. पण तेथे वाढता आकडा प्रतिष्ठेचा असतो. आकडा तोच, अर्थ उलटा.

या सर्व प्रसंगांत एक तिसरा पक्ष अनुपस्थित आहे, तो म्हणजे खालचे शहर. डब्ल्यू. जी. झेबाल्ड याने १९९९ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या आपल्या व्याख्यानांत, जर्मन शहरांच्या विध्वंसाविषयी युद्धोत्तर जर्मन साहित्याने बाळगलेल्या मौनाचा प्रश्न उपस्थित केला. सिम्युलेटरात शहर असते, पण ते इमारतींच्या रूपात. इमारत कोसळते, गुण मिळतात आणि ठरावीक वेळाने ती पुन्हा उभी राहते. बाँबफेके विमान का अडवायचे, या प्रश्नाचे ऐतिहासिक उत्तर त्या इमारतींत राहणाऱ्या माणसांत होते. ते विमान तेथवर का पाठवले गेले, याचे उत्तरही त्या राष्ट्राने इतरांवर लादलेल्या युद्धात होते. ही दोन्ही उत्तरे नाहीशी झाल्यावर उरते ती कोन आणि अंतर यांची एक देखणी समस्या.

८. समारोप

यावरून सिम्युलेटर हे इतिहासाचे विडंबन आहे असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. समोरच्या हल्ल्यातील अडीच सेकंद म्हणजे काय, मायरची पद्धत अमलात आणणे का कठीण होते, नवा वैमानिक मागून जाण्याच्या मोहात का पडे, हे वाचून जितके कळते त्याहून अधिक, स्वतः दहादा चुकल्यावर कळते. कोणत्याही आठवणींच्या पुस्तकाला हे सामर्थ्य नाही. उलट, त्या अडीच सेकंदांनंतर काय उरत असे, हे सांगण्याचे सामर्थ्य कोणत्याही सिम्युलेटरात नाही.

जर्मनीवरील मोहिमांचा मुख्य भार वाहणाऱ्या ब्रिटनच्या बाँबर कमांडमध्ये ५५ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांच्या विमानांचे आंधळे कोन आज कोणताही खेळाडू पाठ म्हणून दाखवू शकतो. हे ज्ञान कोणाच्या मरणातून आले, हे त्या ज्ञानात लिहिलेले नसते. ते शेजारच्या संहितेत शोधावे लागते. सिम्युलेटर आणि साहित्य यांचे एकत्र वाचन करण्याची आवश्यकता येथे आहे, आणि अशा वाचनाची जबाबदारी तौलनिक अभ्यासाकडे स्वाभाविकपणे येते.